टूरिंगकर, डबलसीट

टूरिंगकर हे आडनाव मतदारयादीत सापडणार नाही, पण पुण्यात कोथरूडपासून बाणेरपर्यंत कुठल्याही सोसायटीत एक तरी टूरिंगकर निघतोच. वय पन्नाशीच्या जरा पुढे. फ्लॅटचे हप्ते फिटलेले. मुलगी बंगळूरला, मुलगा जर्मनीत. पार्किंगमध्ये एक मोटार आहे, वहिनींची अ‍ॅक्टिव्हा आहे, आणि दोन्हींच्या मधली जागा त्याने कुणाला सायकलही लावू न देता राखून ठेवलेली आहे. तिथे 'टूरिंगची मोटरसायकल' यायची आहे.

ही गाडी त्याला स्वतःसाठी नको असते. ते तो पहिल्याच वाक्यात स्पष्ट करतो. "मला एकट्याला काय, कुठलीही चालेल रे. पण हिला मागे घेऊन भारत बघायचाय. तेव्हा मुद्दा एकच, मागे बसणाऱ्याचा आराम." एवढं बोलून तो चहाचा एक घोट घेतो आणि पुढचा पाऊण तास टॉर्कवर बोलतो.

गाडी यायची असली तरी गाडीच्या आधी यायचं ते सगळं येऊन पडलेलं आहे. कोपरांना आणि पाठीला चिलखत असलेलं जॅकेट आलं, हातमोजे आले, घोट्याच्या वर जाणारे बूट आले. हेल्मेटं दोन आली. स्वतःचं त्याने चार दुकानं फिरून, डोक्याभोवती टेप लावून घेतलं. वहिनींचं 'मीडियम द्या' म्हणून त्याच बिलात घेतलं. एका रविवारी हा सगळा साज चढवून तो सोफ्याच्या हातावर घोडेस्वारासारखा बसला होता आणि वहिनींनी मागे बसून पाहावं असा आग्रह धरत होता. "पोळ्या होऊ देत," असं आतून उत्तर आलं.

त्याच्या लॅपटॉपवर एक तक्ता आहे. आडव्या ओळींत गाड्या आणि उभ्या रकान्यांत सीसी, टॉर्क, वजन, टाकी किती लिटरची, सर्व्हिसिंग किती किलोमीटरला, विकताना भाव काय येईल. शेवटच्या रकान्याचा मथळा 'पिलियन कम्फर्ट'. त्यात प्रत्येक गाडीपुढे एकच शेरा आहे : ओके.

आकडे मात्र त्याला तोंडपाठ. मीटिऑर 350 चं वजन 191 किलो आणि सीट जमिनीपासून 765 मिलिमीटर. सुपर मीटिऑर 650 चं वजन 241, पण सीट 740 वरच. हिमालयन 450 ची 825. हे त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. वहिनींचा कुठला गुडघा दुखतो, असं मी एकदा विचारलं. तो आठवू लागला. "डावा," वहिनी म्हणाल्या.

आता हा डावा गुडघा खरं तर सगळ्या तक्त्याचा निकाल लावू शकतो. मोटरसायकलवर मागे चढायचं ते डावीकडून. डावं पाऊल पायटीवर, हात पुढच्याच्या खांद्यावर, सगळा भार त्या एका गुडघ्यावर तोलून उजवा पाय पलीकडे. मागे डिकीची पेटी आणि दोन्ही बाजूंना सामानाच्या बॅगा असल्या, की तो पाय पेटी आणि नवरा यांच्या मधल्या फटीतून न्यावा लागतो. तेवढ्या वेळात गाडी डावीकडे झुकते, टूरिंगकरांची उंची साडेपाच फुटांच्या आत असल्यामुळे त्यांचे चवडे तेवढे जमिनीला लागलेले असतात, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर भारतदर्शनाचा आनंद अजिबात दिसत नाही.

गंमत अशी, की हाच माणूस पूर्वी डबलसीट भरपूर फिरलेला आहे. वडिलांनी नंबर लावून, वर्षानुवर्षं वाट पाहून मिळवलेली चेतक त्याच्याकडे लग्नानंतरही होती. वहिनी मागे एका बाजूला पाय सोडून बसत, मुलगी पुढे हँडल धरून उभी, मुलगा मधे दाबलेला. किक लागली नाही तर गाडी तिरकी करायची आणि पुन्हा मारायची. अशाने ही मंडळी पसरणीचा घाट चढून महाबळेश्वरला जाऊन आली होती. त्याला कुणी टूरिंग म्हणत नसे. 'गेलो होतो' एवढंच म्हणत. बसायची जागा रुंद, सपाट आणि बुटकी. चढायला पाय टाकायचा नाही की गुडघा दुमडायचा नाही. ती चेतक पुढे बनायची बंद झाली, आणि त्यानंतर मागे बसणाऱ्या बाईचा विचार करून काही बनवावं असं मोटरसायकलवाल्यांच्या फारसं मनात आलेलं दिसत नाही.

सरकारच्या मात्र आलं होतं. केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989, यातला 123 वा नियम सांगतो की मागे बसायची सोय असलेल्या मोटरसायकलला धरायला पक्की मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकलेला हवा, म्हणजे कपडे चाकात जाणार नाहीत. सरकारी नियम वाचताना माणसाला कुणीतरी आपली विचारपूस केल्यासारखं वाटावं, असा हा दुर्मीळ नियम. आणि टूरिंगकर पहिल्याच आठवड्यात काय करणार असतो? साडीगार्ड काढून टाकणार असतो. "लूक जातो रे त्याने." धरायची मागची दांडीही त्याला जरा जाडच वाटते.

त्याचा एक ग्रुप आहे. रविवारी पहाटे साडेपाचला चांदणी चौकात जमायचं, आणि मुळशीच्या वाटेवर किंवा वाईकडे कुठेतरी मिसळ खाऊन साडेदहाला घरी. गाडी नसल्यामुळे टूरिंगकर या ग्रुपात तूर्त सल्लागार म्हणून आहे. तिथे दोन पंथ. एकाला इंजिनाची धडधड हवी, दुसऱ्याला गुळगुळीत पळणारं जुळं सिलिंडर हवं. 'मागच्या सीटचं काय?' असं त्याने तिथे विचारलं तेव्हा दोन्ही पंथांनी एकमुखाने उत्तर दिलं की त्यांच्या गाडीची मागची सीट उत्तम आहे. त्यांपैकी कुणीही तिच्यावर कधी बसलेलं नव्हतं. ज्या बसल्या होत्या त्या ग्रुपात नव्हत्या.

गाडी निवडायची ती लडाखसाठी, यावर मात्र सर्वांचं एकमत. खारदुंग ला खिंडीवरच्या पाटीने वर्षानुवर्षं 18,380 फूट उंची सांगितली, प्रत्यक्षात ती 17,582 च्या आसपास आहे, ही दुरुस्ती टूरिंगकर न विचारता करतो. लडाखला जाईपर्यंत इथे सराव कुठे करणार? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर दुचाकीला बंदी. समृद्धीवर बंदी. अटल सेतूवर बंदी. महाराष्ट्राने बांधलेले चांगले रस्ते असे एकेक वजा होत गेले, की ताम्हिणी घाट आणि मुंबई-गोवा महामार्ग उरतात.

ताम्हिणीचा सराव शेवटी झालाच. ग्रुपातल्या एकाने आपली गाडी दिली. वहिनी मीडियम हेल्मेट घालून मागे बसल्या, जे त्यांना सैल होत होतं. दोघं पौडमार्गे मुळशीच्या पुढे जाऊन दुपारी परतली. टूरिंगकरांचा चेहरा उजळलेला. "काय स्टेबल आहे! मस्त ना गं?"

वहिनी मूळच्या शाळेतल्या शिक्षिका. त्यांनी उत्तरपत्रिका तपासावी तसं सांगितलं.

"तुम्हाला रस्ता दिसतो, मला तुमचं हेल्मेट दिसतं. खड्डा आला की तुम्हाला आधी कळतं, तुम्ही पायटीवर उभे राहता. मी बसलेलीच असते."

टूरिंगकर म्हणाला, "पण सीट तर किती मऊ होती."

"पौडपर्यंत मऊ होती. पुढे फोम खाली बसला आणि मी पत्र्यावर बसले. पायट्या एवढ्या वर आहेत की गुडघे पोटाशी येतात. तुम्ही ब्रेक दाबला की मी तुमच्या पाठीवर येते आणि माझं हेल्मेट तुमच्या हेल्मेटावर आपटतं. सुटताना उलट, मागे जाते, तेव्हा पाठीला टेकायला काही नाही. आणि वारा तुमच्या डोक्यावरून थेट माझ्या तोंडावर येतो."

देशातल्या तमाम मोटरसायकल परीक्षणांत मागच्या सीटबद्दल एवढी माहिती एका जागी मला कधी सापडलेली नाही. टूरिंगकरांनी ती तक्त्यात घातली नाही. त्यांनी 'तुला सवय नाही' असं निदान केलं.

वास्तविक त्या दिवशीच्या दणक्यांपैकी निम्मे तरी टळले असते. गाडीचा मालक एकटा फिरणारा, त्यामुळे मागच्या शॉकअपचा खटका सगळ्यात मऊ खुणेवर, एक नंबरला होता. दोन माणसं बसली की तो वर चढवायचा असतो, नाहीतर शॉकअप पार खाली दबतो आणि पुढचा खड्डा थेट मागच्याच्या मणक्यात जातो. मागच्या चाकात हवाही कंपनीने सांगितल्याप्रमाणे थोडी जास्त भरायची असते. खटका फिरवायचा वाकडा पाना बहुतेक गाड्यांबरोबर येतो. तो सीटखाली प्लास्टिकच्या पिशवीत असतो, आणि गाडी विकली जाते तेव्हाही त्याच पिशवीत असतो.

शोरूममधला प्रसंग थोडक्यात सांगतो. विक्रेता वीस-बावीस वर्षांचा, अत्यंत नम्र. त्याने टूरिंगकरांना चावी दिली आणि वहिनींना पाणी दिलं. टेस्ट राइड एकट्यानेच, गल्लीतून वळसा घालून दहा मिनिटांत परत. तेवढ्यात वहिनींनी त्याला विचारलं : पाय कुठे ठेवायचा, धरायचं कशाला, आणि पर्स कुठे ठेवायची? त्याने पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं 'सर आले की सांगतो' अशी दिली. पर्सचं मात्र मनापासून सांगितलं : "मॅडम, अ‍ॅक्सेसरीजमध्ये टँक बॅग आहे, पण ती सरांच्या पुढे येते."

वहिनींना स्वतःला अ‍ॅव्हेंजर आवडली होती. बुटकी, चढायला सोपी, पाठीला टेकण. मीटिऑरच्या सुपरनोव्हा प्रकारातही पाठीला टेकण मिळते, तीही त्यांनी हात लावून पाहिली आणि "ही बरी आहे" म्हणाल्या. टूरिंगकरांनी दोन्ही खोडल्या. खारदुंग लाला त्या खाली घासतील म्हणे. त्याचं खरं प्रेम होंडाच्या गोल्डविंगवर आहे. 1975 पासून चालत आलेली गाडी. आता सहा सिलिंडरं, रिव्हर्स गिअर, एअरबॅग, आणि टूर प्रकारात मागच्याला आरामखुर्ची म्हणावी अशी पाठ टेकायची सोय. किंमत चाळीस लाखांच्या आसपास. त्याने वहिनींना व्हिडिओ दाखवला. त्यांनी शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाल्या, "एवढं सगळं दिलंय, मग वर छप्पर का नाही दिलं?"

हा टूरिंगकर अजून घेतच आहे. दसऱ्याला घेणार होता, तेव्हा नवीन मॉडेल येणार असल्याचं कळलं म्हणून पाडव्यावर गेलं. पाडव्याला रंग आवडला नाही. ज्या टूरिंगकरांनी घेतली त्यांचं निराळंच. त्यांतला एक माझ्या माहितीत आहे. तो गाडीने गुहागरला जातो, पत्नी रात्रीच्या एसटीने जाते, आणि तिची बॅग तेवढी मागच्या सीटवर पट्ट्यांनी बांधून त्याच्याबरोबर येते. फोटो दोघांचा गाडीपाशी काढतात. सामानाला ती सीट चांगली मानवते, अशी त्याचीही कबुली आहे.

माझं मत विचाराल तर गाडी मागे बसणाऱ्याने निवडावी आणि पैसे पुढच्याने भरावेत. मागच्याला निदान तासभर बसवल्याशिवाय सही करू नये. बूट, जॅकेट, टॉर्क हे सगळं नंतर. पण हे सांगून पटणारं नाही, त्यापेक्षा एक करा. तुमच्या ओळखीत कुणी टूरिंगकर असेल, आणि तुम्हाला मोटरसायकल चालवता येत असेल, तर येत्या रविवारी त्याला मागे बसवून ताम्हिणीपर्यंत नेऊन आणा. गाडी त्याच्याच तक्त्यातली, जिच्यापुढे 'ओके' लिहिलंय ती घ्या. आणि मागच्या शॉकअपचा खटका मुळीच हलवू नका, एक नंबरलाच राहू द्या.