गवत नाही, वाळा!

(पुण्यातल्या एका बंगल्याची बाग. मृगाचा पहिला पाऊस होऊन गेलेला.)

बाई : मामा, हे बारा ठोंब कुंपणालगत लावायचेत. वीत-वीत अंतरानं.

माळी : गवत हाय की हे!

बाई : गवत नाही, वाळा आहे.

माळी : वाळा म्हंजे गवतच. वीस वर्षं तुमच्याकडं गवत उपटायचे पैसे घेतोय. आता लावायचेबी घेऊ?

बाई : घ्या. हे हरळीसारखं पसरत नाही, झुबका धरून बसतं. वर्षानुवर्षं टिकतं. मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली! 1980च्या दशकात जागतिक बँकेनं याचाच प्रचार केला.

माळी : गवतावर कर्ज?

बाई : कर्ज नाही हो! माती अडवायला. कर्नाटकात गुंडलुपेटकडचे शेतकरी तर आधीपासूनच शेताच्या हद्दीला लावत होते.

माळी : हद्दीला? मग बांध कोरायचा कसा?

बाई : कोरता येऊ नये म्हणूनच.

माळी : आमच्या थोरल्या भावाच्या कानावर घालू नका हे.

बाई : आणि माझा पहिला झुबका? दीड वर्ष वाढवला, होळीला गावाहून आले तर गायब. गायीनं खाल्ला ना?

माळी : मी काढला.

बाई : मामा!

माळी : वास मुळीला असतो, पात्याला न्हाई. तुम्ही रोज पातं हुंगायच्या, मला बघवंना. मुळ्या धुतल्या, सावलीत वाळवल्या, जुडी बांधून तुमच्याच माठात टाकली. उन्हाळाभर पाहुण्यांना सांगत हुता, आमच्या बोअरचं पाणीच सुगंधी.

बाई : (जरा थांबून) पण झाड गेलं ना!

माळी : जातंय कुठं? ह्याच्या बियांचा भरवसा न्हाई, फोडूनच लावायचं. पाती वीतभर ठेवली, खाली बोटभर मुळी ठेवली, एकाचे बारा केले.

बाई : बारा? कुठं आहेत?

माळी : शेजारच्या वहिनींना दिले. गवत म्हणलं असतं तर फुकट मागितले असते. वाळा म्हणलं, दहा रुपयाला एक घेतला.

बाई : (हातातल्या ठोंबांकडे बघत) मला तिसाला दिला.

माळी : तिसाला? (कुदळ खाली टाकून) ताई, फसवलं वो त्यांनी मला!