दाजींचा रिपोर्ट

हळदीच्या कार्यक्रमात कुणाच्या पांढऱ्या झब्ब्यावर हळद उडाली की सगळा मांडव आमच्या दाजींना शोधायला लागतो. डॉक्टर मांडवात चार असतात, वकील दोन असतात, इंजिनिअर तर मोजायचेच नाहीत. पण रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेला माणूस नात्यात एकच असतो आणि तो सगळ्यांच्या मालकीचा असतो. दाजी येतात, डाग डोळ्यांजवळ नेऊन बघतात आणि विचारतात, ‘‘साबण लावलात?’’ साबण लावलेलाच असतो. डाग पिवळ्याचा लालभडक झालेला असतो आणि झब्बेवाला रडकुंडीला आलेला असतो. दाजींचा चेहरा मात्र उजळतो. ‘‘होणारच! हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत लाल होतं. कुंकू तसंच करायचे पूर्वी, हळदीवर चुना नाहीतर टाकणखार घालून. शाळेत लिटमस कशाला विकत आणतात कोण जाणे!’’ झब्बेवाल्याला डाग कसा आला याचं सोयरसुतक नसतं, जाईल कसा ते हवं असतं. तेवढ्यात ताई मागून जाताजाता सांगते, ‘‘धुऊन उन्हात टाक रे, निघेल,’’ आणि पुढच्या कामाला लागते. मग दाजी त्या ओल्या झब्ब्याला उद्देशून म्हणतात, की कर्क्युमिनचं प्रकाशात विघटन होतं, तेव्हा ताई म्हणते ते तत्त्वतः बरोबर आहे.

दाजी कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या क्यू.सी.मध्ये आहेत. पहाटे कंपनीची बस पकडायची आणि दिवसभर आलेल्या मालाचं आणि निघालेल्या मालाचं सॅम्पल तपासून रिपोर्टवर पास किंवा फेल लिहायचं, ही त्यांची नोकरी. गेटवर टँकर उभा असतो, ड्रायव्हर जेवून, झोपून, पुन्हा उठलेला असतो, प्रॉडक्शनचा माणूस दारातून तिसऱ्यांदा ‘‘साहेब, झालं का?’’ विचारून गेलेला असतो, आणि दाजी ब्युरेटचा नळ किंचित फिरवून थेंब थेंब सोडत असतात. फिकट गुलाबी रंग आला पाहिजे. गडद झाला तर थेंब जास्त पडला, पहिल्यापासून सगळं पुन्हा. आला तो रंगही अर्धा मिनिट टिकला पाहिजे. त्या अर्ध्या मिनिटात दाजी श्वास घेत नाहीत असं त्यांचा ज्युनिअर सांगतो.

सोसायटीत हे कुणाला ठाऊक नाही. ‘केमिस्ट’ म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यांसमोर औषधाचं दुकान येतं. दाजी इथे राहायला आले त्याच आठवड्यात पहिल्या मजल्यावरच्या आजी बी.पी.च्या गोळ्यांची चिठ्ठी घेऊन दारात उभ्या राहिल्या होत्या. दाजींनी त्यांना बसवून आपण काय करतो ते समजावलं. आजींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘म्हणजे दहा टक्के सूट नाही मिळणार?’’

मी वरच्याच मजल्यावर राहत असल्याने दाजींच्या सवयींचा साक्षीदार आहे. प्रयोगशाळेत आयुष्य काढलेला माणूस घरातही प्रयोगशाळेतच वावरतो. चहाला दूध मोजायचं तर दाजी गुडघ्यात वाकून भांड्याच्या पातळीला डोळा नेतात, कारण वरून बघितलं की रीडिंग चुकतं. आमटीचा वास घ्यायला ते पातेल्यावर वाकत नाहीत, हाताने वाफ स्वतःकडे ओढून घेतात. सगळं जग बाथरूममधून आल्यावर हात धुतं, दाजी जाण्याआधीही धुतात. रविवारी ताई माहेरी गेली होती तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांना लेबलं लावली: ‘मीठ, आयोडीनयुक्त. उघडल्याची तारीख अमुक’ आणि खाली सही. ताईने परत येऊन ती सगळी काढली, फक्त एक ठेवलं. खायचा सोडा आणि पापडखार यांच्या बरण्या सारख्या आहेत, आणि एकदा ढोकळ्यात कुणी काय घातलं होतं हे त्या घरात कुणी बोलत नाही.

मागच्या निवडणुकीतली गोष्ट. त्या आठवड्यात दाजींचा हातमोजा फाटला होता आणि सिल्व्हर नायट्रेटने दोन-तीन बोटं काळी पडली होती. त्यात डाव्या हाताची तर्जनी. मतदान केंद्रावरच्या बाईंनी ते बोट बघितलं आणि पेन खाली ठेवलं. ‘‘काका, तुमचं मतदान झालेलं दिसतंय.’’ दुसऱ्या कुणी यादी तपासा म्हणून सांगितलं असतं. दाजींनी रांग थांबवून व्याख्यान दिलं. हा डाग माझ्या लॅबचा. पण तुमच्या बाटलीतल्या शाईतही हेच सिल्व्हर नायट्रेट असतं. त्वचेवरच्या मिठाशी त्याचं सिल्व्हर क्लोराइड होतं, उजेडात ते काळं पडतं आणि ती कातडी झडेपर्यंत जात नाही. म्हैसूरच्या कारखान्यात १९६२ पासून ही शाई बनते. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘फॉर्म्युला माहीत असलेला माणूस आहे, धरून ठेवा.’’ केंद्राध्यक्षांनी यादी बघितली, दाजींच्या नावापुढे सही नव्हती, मत देता आलं. पण शाई लावताना त्या बाईंनी काळ्यावर काळं लावत विचारलेला प्रश्न दाजींना अजून आवडतो: ‘‘मग आता आम्ही ओळखायचं कसं?’’

दाजींना काहीही विचारा, उत्तराच्या जागी प्रश्न येतो. अजिनोमोटो वाईट का हो? ‘‘किती घालता?’’ नॉनस्टिक तवा वापरावा का? ‘‘किती तापवता?’’ सैंधव चांगलं ना? ‘‘कशासाठी? ते सोडियम क्लोराइडच आहे, वरून घातलेलं आयोडीन तेवढं त्यात नाही.’’ व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करून बेसिन साफ होतं म्हणतात? ‘‘फेस छान येतो. पण दोघं एकमेकांना संपवतात; उरतं ते सोडियम अॅसिटेटचं पाणी. बेसिन घासता तुम्ही, नाव त्यांचं होतं.’’ विचारणारा हिरमुसतो. माझं स्पष्ट मत आहे, की लोकांना माहिती नको असते, पास किंवा फेल ऐकायचं असतं. आता दाजी तर दिवसभर पास-फेल लिहूनच पोट भरतात. पण सॅम्पल हातात आल्याशिवाय, तेही नीट बंद केलेल्या बाटलीत, ते आपल्या सख्ख्या मुलालाही पास म्हणणार नाहीत.

गुळाचं उदाहरण घ्या. आमचे एक नातेवाईक कोल्हापूरकडून काळपट गुळाची ढेप घेऊन आले. ‘केमिकल-फ्री’ म्हणून दीडपट भाव दिलेला. दाजींनी वाईट काहीच म्हटलं नाही. पिवळाधमक गूळ हवा म्हणून गुऱ्हाळात हायड्रॉस टाकतात, ते यात दिसत नाही, हे चांगलं, असं म्हणाले. मग सहज विचारलं, ‘‘रसाची मळी कशाने काढली?’’

‘‘भेंडीच्या चिकाने. एकदम नैसर्गिक.’’

‘‘आणि चुना?’’

‘‘तो तर घालावाच लागतो.’’

‘‘कॅल्शियम हायड्रॉक्साइड.’’

‘‘नाही हो दाजी, केमिकल नाही म्हणून सांगितलं ना. साधा चुना!’’

दाजींनी गुळाचा खडा तोंडात टाकला. चहा झाल्यावर ते बराच वेळ गॅलरीत उभे होते.

पण त्यांचा खरा सामना झाला तो शुद्ध पाण्याची यंत्रं विकणाऱ्या मुलाशी. समोरच्या फ्लॅटमध्ये प्रात्यक्षिक होतं, शेजारीपाजारी जमले होते. मुलाने एका ग्लासात नळाचं पाणी घेतलं, दुसऱ्यात आपल्या यंत्राचं, आणि दोन्हींत धातूच्या कांड्या असलेलं उपकरण बुडवून बटण दाबलं. बघता बघता नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ उसळला. यंत्राचं पाणी जसंच्या तसं स्वच्छ. काकूंनी पदर तोंडाला लावला. ‘‘इतकी वर्षं आपण हे पीत होतो?’’

दाजी पुढे झाले आणि म्हणाले, ‘‘वहिनी, चिमूटभर मीठ द्या.’’ ते मीठ त्यांनी त्या स्वच्छ पाण्यात ढवळलं आणि मुलाला सांगितलं, आता दाब बटण. मुलगा जरा घुटमळला. दाजींनी स्वतः दाबलं. शुद्ध पाण्यातही तसाच तपकिरी गाळ वर आला. गाळ पाण्यातला नव्हताच, लोखंडी कांडीतला होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड गाळ होऊन तरंगतं. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज फारशी जात नाही, म्हणून ते स्वच्छ दिसतं. कांड्या काढून बघा, म्हणाले, झिजल्यात. मुलाने हळूच उपकरण पिशवीत घातलं. जाताना त्याने दाजींना बाजूला घेऊन विचारलं, ‘‘सर, कंपनीत काही जागा आहे का?’’ बी.एस्सी. केमिस्ट्री होता. दाजींनी नंबर दिला.

समोरच्यांनी यंत्र घेतलंच. ओट्यावर जागा आधीच करून ठेवली होती. वर काकू दाजींना विचारायला आल्या, ‘‘त्या पाण्यात मीठ रोज घालायचं का?’’

दिवाळीच्या साफसफाईच्या दिवसांत मात्र मी वेगळे दाजी बघितले. रात्री साडेनऊला त्यांचा फोन वाजला. खालच्या मजल्यावरची सूनबाई. संडासाच्या फरशीवरचे डाग निघेनात म्हणून तिने आधी टॉयलेट क्लीनर ओतला होता आणि त्यावर ब्लीच. डोळे चुरचुरत होते, खोकला थांबत नव्हता, आणि दाजी, आता यावर अजून काय घालू, असं ती विचारत होती. दाजींनी किती घातलंस, कुठल्या कंपनीचं, काही विचारलं नाही. ‘‘बाहेर ये. आत्ता. पाणीसुद्धा ओतू नकोस, घराच्या खिडक्या उघड आणि सगळ्यांना घेऊन जिन्यात ये.’’ इतकी छोटी वाक्यं मी त्यांच्या तोंडून तोवर ऐकली नव्हती. चपलाही न घालता ते खाली गेले. तिला मोकळ्या हवेत बसवलं, खोकला थांबेना म्हणून तिच्या नवऱ्याबरोबर रिक्षाने दवाखान्यात पाठवलं, बाकीच्यांना तासभर घरात पाऊल ठेवू दिलं नाही. ती बरी होऊन घरी आल्यावरच त्यांना रसायनशास्त्र आठवलं. जिन्यात जमलेल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलं: ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट, संडासच्या क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक अॅसिड, दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. हवेपेक्षा अडीचपट जड, म्हणून बंद जागेत खाली साचतो. १९१५ साली ईप्रच्या रणांगणावर जर्मनांनी सोडला होता तोच. लोकांनी माना डोलावल्या. एका काकांनी फोनवर काहीतरी टिपून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज आला. वर लाल दिवे, खाली हात जोडलेले: ‘परदेशातल्या प्रसिद्ध शास्त्रज्ञाचा इशारा! ब्लीच आणि अॅसिड कधीही मिसळू नका! मोठमोठ्या कंपन्या ही माहिती लपवतात!’ पुढे दाजींचीच वाक्यं, अडीचपट जडसकट. ईप्रच्या जागी मात्र युरोप आलं होतं. खाली त्याच काकांनी विचारलं होतं, ‘दाजी, हे खरं आहे का हो?’

ताईने वाचून दाखवलं आणि म्हणाली, ‘‘अहो, लिहा ना, मीच सांगितलं होतं म्हणून.’’

दाजींनी चष्मा लावून मेसेज दोनदा वाचला, बराच वेळ एका बोटाने टाइप केलं आणि पाठवलं: ‘माहिती योग्य आहे. फक्त सूत्रात क्लोरीनचा एकच अणू दिला आहे. ते दोन करावेत.’