इशारा पातळी

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43. आमच्या शिरोळकडं पाणी फूटपट्टी बघून येत नाही. आधी उसात शिरतं, मग गोठ्यात. म्हशीच्या गुडघ्याला लागलं की मेसेज येतो : ‘नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ राहतो की! मोबाइल चार्ज करायला वीज तेवढी नसते. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे मात्र कुणाच्या सहीविना उघडतात. सरकारात असली तत्परता दुसरीकडं नाही. 2019 ला पाणी 55 फुटांपुढं गेलं. पंचनाम्याला साहेबांनी सातबाऱ्याची झेरॉक्स मागितली, ती तोवर कर्नाटकात पोचली होती. आजी पायरीवर विटेच्या तुकड्यानं रेघ मारते. रेघ बुडाली की म्हैस सोडायची. एवढंच तिचं आपत्ती व्यवस्थापन.