काय चाळायचंय?

आमचे साडू साठीला आले तेव्हा घरच्यांना वाटलं, आता हे काशीला जातील किंवा गुडघा बदलून घेतील. त्यांनी मुंबईहून जुनी स्पोर्ट्स कार आणली. दोन दारांची, दोन माणसांची, कापडी टपाची, जर्मन बनावटीची. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याच्या उच्चारावरून घरात चार पक्ष पडले आहेत. ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, या भांडणात पडत नाही. ती गाडीला नुसतं ‘ती’ म्हणते. ‘ती आल्यापासून हे जेवायला वेळेवर येत नाहीत’ हे वाक्य शेजारच्या काकूंनी अर्धवट ऐकलं आणि दोन दिवस ताईला बेसनाचे लाडू आणून दिले.

साडूंची बाजूही समजून घ्यायला हवी. छत्रपती संभाजीनगरात राहून गाडीचं वेड टाळणं म्हणजे पंढरपुरात राहून टाळ न ऐकणं. वाळूजला बजाजचा कारखाना आला १९८५ साली; साडूंची तीस वर्षं त्याच वसाहतीत एका सुट्ट्या भागांच्या कारखान्यात, क्वालिटीच्या टेबलावर, हातात व्हर्नियर घेऊन गेली. शेंद्र्याला स्कोडा आली, मग तिथेच ऑडी जुळवल्या जाऊ लागल्या. आणि ऑक्टोबर २०१० मध्ये या गावातल्या मंडळींनी एकजुटीने सौदा करून एकाच दिवशी दीडशे मर्सिडीज घरी नेल्या. पासष्ट कोटींचा माल. लोक भाजी एकत्र घेतात, स्वस्त पडते म्हणून. इथे मर्सिडीज घेतल्या. त्या दिवशी साडूंची स्कूटर गॅरेजात होती आणि ते शहर बसची वाट पाहत जालना रोडवर उभे होते. ते शल्य पंधरा वर्षं आत मुरलं आणि त्याची ही गाडी झाली.

ती आणायला मी बरोबर होतो. दुसरी सीट रिकामी होती, एवढीच माझी पात्रता. मे महिना. समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० ची मर्यादा. साडूंनी काटा ११८ वर असा धरून ठेवला, की तीस वर्षांचं व्हर्नियर सार्थकी लागलं. इगतपुरीचा पावणेआठ-आठ किलोमीटरचा बोगदा त्यांनी टप उघडून पार केला आणि पलीकडे आम्ही दोघं कोळशाच्या खाणीतून सुटल्यासारखे बाहेर आलो. सावंगीला उतरलो, हर्सूलच्या दिशेने लागलो, पुढे खडीचा हायवा. त्यातून एक खडा उडाला. आवाज अगदी एवढासा : टिक्. पाच मिनिटांनी एसीतून वारा आला तो तंदूरचा.

घरी आल्यावर साडू रस्त्यावर उताणे झोपले आणि बॅटरी लावून गाडीच्या तोंडात बघू लागले. या गाडीचं इंजिन सीटच्या मागे आहे. पुढे नाकाच्या दोन्ही बाजूंना दोन मोठी भोकं, गालफडं फुगवल्यासारखी. आत आधी एसीचा कंडेन्सर, त्याच्या मागे रेडिएटर. दोन्हींची पानं अॅल्युमिनियमची, नखाने वाकतील इतकी नाजूक. आणि त्यांच्यापुढे रस्ता. मध्ये काहीही नाही. खड्याने कंडेन्सरच्या नळीला मोहरीएवढं भोक पाडलं होतं, त्यातून सगळा गॅस निघून गेला. त्याशिवाय आतून जे निघालं ते असं : कडुनिंबाची सुकी पानं दोन मुठी, एक टोळ, गुटख्याची पुडी आणि नाशिकच्या एका लॉन्सची अर्धी लग्नपत्रिका. नव्या कंडेन्सरची किंमत साडूंनी हळू आवाजात सांगितली. ताईने तेवढ्यात किती तोळे येतात ते तोंडी हिशोबाने, मोठ्या आवाजात सांगितलं.

तेव्हा ठरलं, गाडीला जाळी बसवायची.

एका चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. कॉफी मिळाली. टायवाल्या मुलाने टॅबलेटवर बराच वेळ बोट फिरवलं आणि म्हणाला, “सर, जाळी या मॉडेलला येतच नाही.”

“मग दगड?”

“दगड वॉरंटीत नाही सर.”

परदेशात या गाड्यांसाठी मापाच्या तयार जाळ्या मिळतात. पण टपाल आणि कस्टमसकट आकडा ऐकल्यावर साडू म्हणाले, “ज्या गावात अख्ख्या गाड्या तयार होतात, तिथे हातभर जाळी मिळत नाही का?” आणि मच्छरदाणीच्या खिडकीची जाळी कापून घेऊन ते थेट रोशन गेटजवळच्या एका उस्तादांकडे गेले. उस्ताद रिक्षापासून रोड रोलरपर्यंत काहीही दुरुस्त करतात. त्यांनी जाळी उजेडात धरली, तोंडाला लावली आणि फुंकर मारली.

“साब, ये मच्छर की है. इसमें गाडी का दम घुटता. पहले पत्थर से मरती थी, अब गरमी से मरेगी.”

यात सगळं शास्त्र आलं. जाळी बारीक, तर दगड अडतो, पण वाराही अडतो आणि रेडिएटर तापतो. जाळी मोठी, तर वारा जातो आणि त्याच्या मागोमाग हायवाची खडीही. घरी साडूंनी वहीवर आकडेमोड केली. तार एक मिलिमीटर, भोक तीन मिलिमीटर असेल तर उघडी जागा शेकडा ५६. तीच तार, पण भोक सहाचं केलं तर शेकडा ७३. “सहा!” ते रात्री साडेअकराला ओरडले. ताई झोपेतून उठून म्हणाली, “अहो, साडेअकरा.”

सहा मिलिमीटरची जाळी शोधायला जुन्या मोंढ्यात गेलो. तिथे एका दुकानात छतापासून चाळण्याच चाळण्या लटकलेल्या. गादीवर बसलेल्या शेठनी आमच्याकडे न बघता विचारलं, “काय चाळायचंय?”

साडूंना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, “हवा.”

दुसरा कोणी हसला असता. या माणसाने हिशोबाची वही मिटली, चष्मा वर केला आणि व्यवहाराला लागला.

“हवा जाऊ द्यायची का अडवायची?”

“जाऊ द्यायची.”

“आन् वर काय ऱ्हायला पाहिजे?”

“दगड.”

“मग तुरीची घ्या. ज्वारीची लै बारीक हुईल. हरभऱ्याचीतून खडा सुटतो. तुरीची बराबर बसती बगा.”

साडूंनी खिशातून व्हर्नियर काढून भोक मोजलं. पाच पूर्णांक नऊ. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं आता ते शेठच्या पाया पडतात. रात्रभराची आकडेमोड, आणि हा माणूस धान्याच्या नावाने मिलिमीटर बोलतो. स्टेनलेसची दीड मीटर जाळी घेतली. शेठनी कागदात गुंडाळताना आपुलकीने विचारलं, “औंदा तूर किती केली?”

पुढचे दोन दिवस उस्तादांकडे. बंपर काढताना प्लॅस्टिकची एक खुंटी ‘टुक्’ करून तुटली. आवाज गाडीतून आला, पण चेहऱ्यावरून साडूंचीच बरगडी मोडल्यासारखी वाटली. मापासाठी पुठ्ठा हवा होता. मी नाश्त्याला आणलेलं गुलमंडीवरच्या इमरतीचं खोकं कामी आलं. त्यावर भोकाचा आकार काढला, त्याबरहुकूम पत्र्याच्या कात्रीने जाळी कापली, कडा आत दुमडल्या, खडखडू नये म्हणून रबराची पट्टी चढवली. जाळी कंडेन्सरला चिकटता कामा नये, मध्ये बोटभर जागा हवी. आणि स्क्रू कुठेही मारायचा नाही, नुसते काळे केबल टाय. हे सगळं उस्तादांनी न सांगता केलं. वाद झाला तो एकाच गोष्टीवर : चौकोन सरळ ठेवायचे की शंकरपाळ्यासारखे तिरपे. साडू म्हणाले तिरपे. उस्ताद म्हणाले, तिरपे केले तर जाळी वाया जाते. या प्रश्नात अर्धा दिवस, सात कटिंग चहा आणि शेजारच्या पंक्चरवाल्याचं मत गेलं. शंकरपाळे जिंकले.

मग साडूंना एकदम कायदा आठवला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने गाड्यांच्या पुढच्या लोखंडी गार्डवर बंदी आणलीय; आरटीओने पकडलं तर? उस्तादांनी बीडी विझवली. “साब, वो गार्ड बंपर के बाहर रहता. आदमी को लगता. ये अंदर है. ये गार्ड नहीं, छन्नी है छन्नी.” दंडकाचा इतका सुटसुटीत अर्थ मी वकिलाकडूनही ऐकलेला नाही.

चकचकीत जाळी काळी करायला वाळूजला गेली. उस्तादांच्या भाच्याने तिथल्या पावडर कोटिंगच्या एका शेडमध्ये दोनशे अंशांच्या भट्टीत, मोटारसायकलींच्या स्टॅंडांच्या रांगेत, दोन आकड्यांना तिला टांगून दिलं. ती येईपर्यंत दिवस मोकळा होता, म्हणून बायकांनी आम्हाला बीबी का मकबऱ्याला नेलं.

मी मकबरा पाचव्यांदा पाहत होतो, पण जाळी पहिल्यांदाच. आत गेलं की खाली दिलरास बानू बेगमेची कबर दिसते आणि तिच्याभोवती अष्टकोनी संगमरवरी जाळीचा कठडा. पांढऱ्या दगडातून कापून काढलेली वेलबुट्टी. वारा जातो, नजर जाते, माणूस जात नाही. ‘गरिबांचा ताज’ म्हणून या इमारतीला लोक उगाच हिणवतात. संगमरवर वरच्या घुमटाला आणि खाली कमरेएवढा, मध्ये चुन्याचा गिलावा, हे खरं. पण हात आखडता घेऊन इतकं देखणं काम करणं हे मला तरी जास्त अवघड वाटतं. खर्च सांगतात तो ६,६८,२०३ रुपये आणि ७ आणे. ते सात आणे साडूंना फार भावले. “हा हिशोब ठेवणारा माणूस क्वालिटीत असणार,” म्हणत ते जाळीच्या भोकात करंगळी घालून अंदाज घेऊ लागले. पहारेकऱ्याने शिट्टी मारली.

“हाथ नहीं लगाना!”

“फक्त भोक बघतोय,” साडू म्हणाले. शेजारी उभं असलेलं एक गुजराती कुटुंब चार पावलं मागे सरकलं.

जाळी बसली आणि जुलैमधल्या एका बुधवारी चाचणीला वेरूळ ठरलं. गाडीत जागा दोघांचीच. त्यामुळे साडू आणि मी गाडीत, ताई आणि माझी बायको एसटीत, अशी विभागणी झाली. ‘तिकडे पोचून तुमची वाट बघतो,’ असं साडू ताईला सांगत होते, तेव्हाच मला वाईट शंका आली होती.

मिटमिट्यापर्यंत आम्ही पुढे होतो. पण आमच्या गाडीचं पोट जमिनीपासून चार बोटं वर. प्रत्येक गतिरोधकावर साडू थांबायचे, मी उतरायचो, खाली वाकून ‘येऊ द्या, येऊ द्या, बास’ म्हणायचो आणि पुन्हा बसायचो. अशा सातव्या नमस्काराला एसटी शेजारून गेली. तिच्या दिव्यांवरही लोखंडी जाळी होती, जाड, वाकडी, रंग उडालेली. महामंडळाचा मोठा कारखाना इथेच चिकलठाण्याला आहे, आणि त्या जाळीसाठी कोणी व्हर्नियर काढला असेल असं वाटत नाही. खिडकीतून ताईने आम्हाला हात केला. तिच्या हातात भाजलेलं कणीस होतं.

दौलताबादला रस्ता किल्ल्याच्या जुन्या वेशीतून जातो. यादवांच्या नि तुघलकाच्या काळात तिथून एका वेळी किती हत्ती जायचे ठाऊक नाही. आता समोरासमोर दोन ट्रक आले की दोन्ही बाजूंना अर्धा किलोमीटर रांग लागते. अडकलोच आहोत, म्हणून आम्ही किल्ल्याच्या दरवाजापर्यंत चालत गेलो. त्या फळ्यांवर वीतभर लोखंडी सुळे आहेत, हत्तीने डोक्याने धडक देऊ नये म्हणून. साडू बराच वेळ बघत उभे राहिले. मी म्हटलं, “दादा, हे बंपरच्या बाहेर आहेत. २०१७ पासून चालत नाहीत.” घाट चढल्यावर कागजीपुरा लागला. तिथे हाताने कागद करतात : कुंडातल्या पातळ लगद्यात साचा बुडवायचा, वर उचलायचा, पाणी जाळीतून खाली, कागद जाळीवर. साडूंना तिथेही उतरून भोक मोजायचं होतं. मी उतरू दिलं नाही.

खुलताबादच्या अलीकडे त्यांनी गाडी कडेला घेतली. तापमानाचा काटा जागच्या जागी. पुढे वाकून पाहिलं तर दोन्ही जाळ्यांवर मिळून एक टोळ, बाभळीची डहाळी आणि तीन खडे. एक चांगला सुपारीएवढा. साडूंनी तो रुमालात बांधून खिशात ठेवला, ताईला दाखवायला.

बांधाला लागून कपाशीत कोळपणी चालली होती. पावसाने उघडीप दिली होती. म्हातारबाबांनी तास संपवून कोळपं फिरवलं, बैल थांबवले आणि रस्त्यावर आले. गाडीला एक फेरी मारली. दारं पाहिली नाहीत, चाकं पाहिली नाहीत, कापडी टपाकडे ढुंकून बघितलं नाही. सरळ समोर उकिडवे बसले आणि काळ्या जाळीवर बोट टेकवलं.

“ह्याला कामून मुसकं घातलं?”

आम्ही दोघांनी एकदम बैलांकडे पाहिलं. दोघांच्या तोंडाला सुतळीची मुसकी, शंकरपाळ्याच्या विणीची. चौकोन तिरपे.

“दगड खातं,” साडू म्हणाले.

म्हातारबाबा उठले, धोतर झटकलं आणि जवळच्या बैलाच्या पाठीवर थाप मारली.

“आमचं बरंय मग. हे नुसती कपाशी खातंय.”