गाडी गेली, बॅग आली

सांगलीत आमच्या विश्रामबागेतल्या गल्लीत कुठलीही बातमी आधी अक्कांना कळते, पेपरवाला त्यानंतर येतो. परवा सकाळी मी परसात कढीपत्ता तोडत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून हाक आली.

"बाई, ओ बाई! कोपऱ्यावरच्या साहेबांचं कळलं का?"

मी हातातली काडी तशीच धरून भिंतीशी गेले. शाळा सोडून आठ वर्षं झाली, पण कान अजून हजेरी घेतात.

"पांढरी गाडी गेली," अक्का हळूच म्हणाल्या.

"सर्व्हिसिंगला असेल."

"तीन आठवडे कुठलं सर्व्हिसिंग ओ? आणि बुधवारी सकाळी नऊला मी स्वतः बघितलं. जुनी मोटरसायकल, डोक्याला हेल्मेट आणि पुढं टाकीवर ही एवढी काळी बॅग! एमआर पोरं घेऊन फिरतात ना, अगदी तसली."

आता माझीही काडी खाली पडली. साहेब म्हणजे औषध कंपनीचे रिजनल मॅनेजर. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि वर गोवा एवढा सगळा मुलूख त्यांच्याकडे. चार एरिया मॅनेजर आणि त्यांच्या हाताखाली डॉक्टरांकडे औषधं घेऊन फिरणारी अठरा एमआर पोरं. गणपतीच्या वर्गणीला पहिला आकडा त्यांचा पडायचा, मग त्यावरून बाकीच्यांचा ठरायचा. असा माणूस बॅग घेऊन?

पुढच्या चार दिवसांत भिंतीच्या अलीकडे-पलीकडे चार निदानं झाली. सोमवारी अक्कांनी ठरवलं, कंपनीनं काढलं. मंगळवारी दूधवाला म्हणाला, मिरजेत अँजिओग्राफी झाली. मिरजेचं नाव आलं की आमच्याकडे दुखणं आपोआप खरं वाटतं. वानलेस साहेबांनी 1894 मध्ये तिथं मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून अर्ध्या कर्नाटकाचे पेशंट तिकडे येतात. बुधवारी इस्त्रीवाल्याच्या मते पैशाची भानगड. गुरुवारी मीच शोध लावला की बॅगेत भाच्याची सॅम्पल असणार. मास्तरीण असून असलं बोलले, लाज वाटते.

रविवारी साहेब स्वतःच भिंतीशी आले. हातात रिकामी पिशवी. "अक्का, शेवग्याच्या शेंगा उतरल्यात म्हणे. चार मिळतील का?"

अक्कांनी शेंगा नंतर दिल्या, प्रश्न आधी टाकला. "साहेब, रागवू नका, पण नोकरी गेली का ओ?"

"नोकरी गेली नाही, अक्का. साहेबकी सोडली. दुसऱ्या एका लहान कंपनीत एमआर म्हणून लागलोय. सांगली हेडक्वार्टर, बाहेर तासगाव, विटा आणि जत."

"स्वतःहून?"

"स्वतःहून."

अक्कांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच त्यांना तसं करायला सांगितलं होतं. "अहो, एरियाचे रिजनल होतात. रिजनलचे झोनल होतात. उलटा माणूस आजवर बघितला नाही मी."

साहेबांनी पिशवी भिंतीवर ठेवली आणि समजावून सांगायला लागले. "विक्रीच्या धंद्यात दोन आकडे असतात. कंपनीनं स्टॉकिस्टला माल दिला, ती प्रायमरी. स्टॉकिस्टकडून तो मेडिकलच्या दुकानात गेला, ती सेकंडरी. महिनाअखेरीला वरचे साहेब विचारतात ते प्रायमरीचं. मग क्लोजिंगला स्टॉकिस्टच्या गोदामात माल ढकलायचा. आकडा झाला, इन्सेंटिव्ह झाला. पण डॉक्टरनं लिहिलंच नाही, तर माल तिथंच पडून राहतो."

"म्हणजे सासूनं डब्यात भरलेल्या चकल्या आणि पोरांनी खाल्लेल्या चकल्या," अक्का म्हणाल्या. "डबा भरलेला दिसला की सासू खूश. खाल्ल्या नाहीत तर आतल्या आत मऊ पडणार."

"तीच एक्स्पायरी, अक्का! सहा-आठ महिन्यांनी माल परत येतो आणि ज्या पोरानं भरला त्याच्याच नावावर चढतो."

ह्या महिनाअखेरीचे आम्ही दोघी साक्षीदार आहोत. दर 31 तारखेला साहेबांच्या गच्चीत रात्री एक-एकपर्यंत दिवा असायचा. कानाला फोन लावून माणूस टाकीभोवती फेऱ्या घालायचा. आम्हाला वाटायचं, केवढा मोठा कारभार!

"गेल्या वर्षी 31 मार्चची गोष्ट," साहेब म्हणाले. "वर्षाचं क्लोजिंग. रात्री साडेअकराला सोलापूरहून एका पोराचा फोन. स्टॉकिस्टच्या दुकानाबाहेर उभा होता. म्हणाला, सर, मागचाच माल रॅकवर पडलाय, मालक बिल करू देत नाही. मी म्हटलं, ते मला सांगू नकोस, आकडा टाक. फोन ठेवला आणि टाकीपाशीच थांबलो. एकवीस वर्षांपूर्वी माझ्या साहेबांनी मला हेच वाक्य, ह्याच आवाजात ऐकवलं होतं. तेव्हा मी तासगावच्या स्टँडवर बसून रडलो होतो."

अक्का काही बोलल्या नाहीत. अक्का गप्प बसणं आमच्या गल्लीत दुर्मीळ आहे, म्हणून नोंद करते.

"खरं सांगू, बाई? मला डॉक्टरसमोर उभं राहून औषध समजावता येतं. दीड मिनिटात. त्यात मी पक्का आहे. म्हणून तर बढती मिळाली. पण बढती मिळाली आणि तेच काम हातातून गेलं. नवं काम काय, तर विकणाऱ्यांना रागावायचं. ते मला जमेना. जमायला लागलं तेव्हा तर जास्तच भीती वाटली."

त्यांची मुलगी पुण्यात एमबीए करते. तिनं बापाला समजावलं, म्हणे ह्याला शास्त्र आहे. 1969 मध्ये लॉरेन्स पीटर नावाच्या माणसानं पुस्तकच लिहिलं. चांगलं काम करणाऱ्याला वर चढवत नेतात आणि जिथं त्याला काम जमत नाही त्या पायरीवर तो अडकून बसतो. पुढं 2019 मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या विक्रेत्यांच्या नोंदी तपासल्या. जे विकण्यात सगळ्यात पुढं, त्यांना कंपन्या मॅनेजर करतात आणि त्यांच्या हाताखालच्या माणसांची विक्री कमी पडते, असं त्यात निघालं.

"म्हणजे आपल्या कोपऱ्यावरच्या साहेबांवर अमेरिकेत पेपर निघाला?" अक्कांचा ऊर भरून आला.

मी मात्र शाळेतली. माझं डोकं हिशेबाकडे गेलं. "मग त्याच कंपनीत खालची जागा मागायची. बावीस वर्षांची ओळख, नव्या ठिकाणी कशाला गेलात?"

साहेब हसले. "तीच चूक करणार होतो. घरी हिनं थांबवलं." वहिनी पूर्वी एका पतसंस्थेत होत्या, आकड्यांना घाबरत नाहीत. ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर मोजतात. शेवटचं मूळ वेतन आणि महागाई भत्ता भागिले 26, गुणिले 15, गुणिले नोकरीची वर्षं. साहेबांचा शेवटचा बेसिक 78,000, वर्षं 22, म्हणजे 9,90,000 रुपये. त्याच कंपनीत 39,000 बेसिकवर उतरले असते आणि तिथूनच बाहेर पडले असते, तर सगळ्या 22 वर्षांचा हिशेब त्या 39,000 वर झाला असता. हातात 4,95,000. वरच्या पगारावर काढलेली वर्षंसुद्धा खालच्या भावानं मोजली गेली असती.

"म्हणून आधी रीतसर राजीनामा, नोटीस पिरियड पूर्ण, ग्रॅच्युइटी हातात, मग नवी नोकरी," साहेब म्हणाले. "20 लाखांच्या आत आहे, त्यामुळे कर नाही. आली तशी सगळी गृहकर्जात भरली. कंपनीचा मेडिक्लेम जाणार, म्हणून आमचा चौघांचा स्वतःचा विमा वर्षभर आधीच काढून ठेवला होता. आणि शेवटचे सहा महिने नव्या पगाराएवढ्याच पैशात घर चालवून बघितलं. उरलेला पगार बँकेत. जमलं, तेव्हाच राजीनामा लिहिला."

"तरीच!" अक्का ओरडल्या. "तरीच दिवाळीला तुमच्याकडं चिवडा घरचा होता!"

नव्या कंपनीतही दार सहज उघडलं नाही. मुलाखत घेणारा चौदा वर्षांनी लहान. तो सारखा म्हणे, सर, तुम्ही तीन महिन्यांत सोडून जाल. साहेब म्हणाले, "आधी मला सर म्हणायचं सोडा, म्हणजे मी राहीन." आता त्यांचा एरिया मॅनेजर आहे तो त्यांनीच कधीकाळी तयार केलेला पोरगा. पहिल्या दिवशी दोघं जॉइंट वर्कला निघाले, तर दवाखान्याच्या दारात दोघंही "आधी तुम्ही" करत उभे. मागून पेशंट आत जाऊन आला तरी ह्यांचं चालूच. शेवटी ठरलं की दवाखान्यात साहेब बोलणार आणि संध्याकाळी रिपोर्ट पोरगा तपासणार.

"आणि डॉक्टर? ते काय म्हणतात?" मी विचारलं.

"मिरजेत एका डॉक्टरांनी बॅग बघून विचारलं, आज तुमचा माणूस रजेवर आहे का? मी म्हटलं, नाही, मीच माझा माणूस. त्या रात्री झोप लागली नाही, हे कबूल करतो. पगार निम्म्याहून खाली आला, त्याचं हिशेबात बसवलं होतं. लोकांच्या डोळ्यांचं बसवलं नव्हतं."

एवढ्यात वहिनी त्यांना शोधत आल्या. अक्कांनी त्यांच्याकडे मोर्चा वळवला. "वहिनी, पोरगी लग्नाची. स्थळवाले विचारतील, वडील काय करतात?"

"सांगेन, औषधं विकतात," वहिनी म्हणाल्या. "आधीही तेच करत होते. भिशीत मात्र दोघींनी मला हळूच विचारलं, उसने हवेत का. वाईट वाटलं, मग बरंही वाटलं. ह्यांना ब्लड प्रेशरची एक गोळी होती, ती तेवढी चालू आहे. पण रविवारी शेंगा आणायला पाठवलेला माणूस तासभर भिंतीशी गप्पा मारतो, हे मला बावीस वर्षांत नवीन आहे. आमटी राहिलीय, चला."

साहेब जाता जाता म्हणाले, "टार्गेट सुटलं नाही, अक्का. ते आहेच. पण आता ते माझ्या एकट्याचं आहे. चुकलं तर मीच ऐकून घेणार, दुसऱ्याला ऐकवावं लागत नाही."

ते गेल्यावर अक्का बराच वेळ शेवग्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "बाई, माणूस वर चढला की आपण पेढे मागतो. हा हिशेब करून, कुणाचं देणं न ठेवता खाली उतरला, तर आपण अँजिओग्राफी काढली."

मी म्हटलं, "पैशाची भानगडसुद्धा."

"ती इस्त्रीवाल्यानं काढली," अक्कांनी लगेच हात झटकले. भिंतीवर विसरलेली एक शेंग उचलून त्या कोपऱ्यावर देऊन आल्या. बरोबर चिवड्याची पाककृती घेऊन आल्या.

काल 31 तारीख होती. साहेबांच्या गच्चीत दिवा लागलाच नाही, खालचाही साडेदहाला विझला. आम्ही दोघींनी पाहिलं. दोघी जाग्याच होतो.