काँप्युटर स्टिरिओला जोडणे : नवशिक्यांसाठी सोपी कृती

साहित्य : बाबांनी ऐंशीच्या दशकात हप्त्यावर घेतलेला अ‍ॅम्प्लिफायर, त्याचे दोन स्पीकर (वरच्या कुंड्या व फ्रेम केलेले फोटो आईला विचारूनच हलवावेत), एक काँप्युटर आणि एक वायर. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन नुसती ‘स्टिरिओची वायर’ मागू नये. ‘साडेतीन एमएम टू दोन आरसीए’ असे ठसक्यात म्हणावे. एका टोकाला हेडफोनसारखी पिन, दुसऱ्या टोकाला एक लाल, एक पांढरी. सोन्याचा मुलामा दिलेल्या दीड मीटर वायरीने आवाज खुलतो, असे सांगणारे गृहस्थ तिथे भेटतीलच. त्यांना चहा पाजावा, वायर साधीच घ्यावी.

अ‍ॅम्प्लिफायर कशाला, स्पीकरच्या वायरी थेट काँप्युटरात खुपसू, असा विचार मनात येईल. आणू नये. हेडफोनच्या भोकातून निघणारी ताकद मिलिवॉटमध्ये मोजतात. तेवढी कानातल्या बोंड्यांना पुरते. बाबांचे स्पीकर तिच्यावर फार तर कुजबुजतील. डेस्कटॉप असेल तर मागचे हिरवे भोक आपले. गुलाबी माइकचे.

आता अ‍ॅम्प्लिफायर पुढे ओढून मागची धूळ पुसावी. भोकांची रांग दिसेल : फोनो, ट्यूनर, ऑक्स, टेप. नवशिक्याचा हात हमखास फोनोकडे जातो, कारण रेकॉर्ड प्लेअर केव्हाच भंगारात गेलेला असतो आणि ती जागा रिकामी असते. रेकॉर्डची सुई जेमतेम काही मिलिव्होल्ट देते, म्हणून फोनोत शिरलेला आवाज शंभरेक पट वाढवला जातो, शिवाय त्याचा खर्ज फुगवला जातो. काँप्युटर तिथे व्होल्टभर ओततो. मग लताबाईही पिंपातून गायल्यासारख्या वाटतात. ऑक्समध्ये लावावे. ते नसेल तर टेपच्या ‘प्ले’मध्ये. शेजारच्या ‘रेकॉर्ड’मध्ये लावल्यास काहीही ऐकू येत नाही, फक्त घरच्यांची मते ऐकू येतात. जुन्या काही मॉडेलांना पाच पिनांचे गोल भोक असते. त्यांची वायर वेगळी मागावी लागते.

लाल उजवी, पांढरी डावी. उलटसुलट झाली तरी डावे-उजवे बदलण्यापलीकडे काही बिघडत नाही. मात्र एकाच स्पीकरचे प्लस-मायनस उलटे झाले, तर तबला वाजतो आणि डग्गा रजेवर जातो.

इथवर आलात की घरघर सुरू होईल. चार्जर काढून पाहावा. थांबली, तर ती त्याच वाटेने येत होती. दोन्ही यंत्रे एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर लावावीत, तरी न भागल्यास ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची डबी वायरीच्या मध्ये घालावी. शेजारचे काका ‘अर्थिंगची पिनच तोडून टाक’ म्हणतील. त्यानेही घरघर जाते. एखाद्या दिवशी आपणही जातो.

भाचा ब्लूटूथ रिसीव्हर सुचवेल. तोही शेवटी त्याच ऑक्समध्ये लागतो, हे त्याला लगेच सांगू नये.

सुरू करण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरचा नॉब शून्यावर आणावा. काँप्युटरचा आवाज ऐंशी-नव्वद टक्क्यांवर ठेवून बाकीचे काम नॉबवर सोपवावे. नॉब बाबांकडे राहील, त्यावर वाद घालू नये. आणि नोटिफिकेशनचे आवाज बंद करावेत, अगदी आठवणीने. नाहीतर मालकंसाचा आलाप रंगात आलेला असताना ऑफिसची मेल दोन्ही स्पीकरांतून टिंगऽ करते आणि हे कुठले वाद्य, ते बाबांना समजावत बसावे लागते.