मेणपतंगास अनावृत पत्र

रा. रा. मेणपतंग यांस,
मुक्काम आमची मधपेटी, गच्ची, पुणे.

सा. न. वि. वि.

आमच्या सातेरी माश्यांनी भाद्रपदातल्या एका सकाळी कसलीही पूर्वसूचना न देता पेटी सोडून प्रयाण केले, आणि त्या वास्तूचा कब्जा आपण इतक्या तत्परतेने घेतला की, पंचनाम्यासाठी मी झाकण उचलले तेव्हा काळपट पोळ्यांतून रेशमी धाग्यांचे बोगदे काढून आपली संतती वळवळत होती व तळपाटावर तिच्या विष्ठेचे खसखशीएवढे काळे दाणे सांडले होते. प्रथमदर्शनी मी आपणांस दरोडेखोर ठरवले. परंतु दप्तर तपासता आपण रीतसर निमंत्रित पाहुणे होता आणि निमंत्रणाचे सर्व कागद माझ्याच हस्ताक्षरात आहेत, असे आढळून आले.

शेवग्याच्या बहरात साठलेला मध मी वैशाखात थेंबाथेंबाने वसूल केला. दुष्काळी सालात एवढी सक्तीची वसुली एखाद्या मामलेदारालाही करवली नसती. पुढे पावसाळ्यात फुले नाहीशी झाली, तेव्हा माश्यांपुढे साखरेचा पाक ठेवावा असा तगादा घरातून चालू होता. ‘निसर्ग समर्थ आहे’ असा शेरा मारून मी तो अर्ज फेटाळला. घटत चाललेल्या वसाहतीला आठांपैकी जेमतेम तीन पोळी झाकता येत होती. उरलेली पाच काढून घ्यावयाची, तर ‘प्रशस्त वाटेल बिचाऱ्यांना’ म्हणून मी तशीच राहू दिली. सातेरी जुने पोळे स्वतःच कुरतडून खाली पाडते आणि परदेशी माशीसारखी राळेने फटी लिंपण्याची विद्या तिच्यापाशी नाही, हे मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था १९६२ पासून ज्या शहरात नांदते तेथे राहून मला ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची सोय नाही. तरीही तळपाट झाडला गेला नाही आणि तो चुरा आपल्या लेकराबाळांचा शिधा झाला. मात्र स्नेहीमंडळींना राणीमाशीचे दर्शन घडविण्यासाठी दर रविवारी पेटी उघडण्यात मी तिळमात्र कसूर केली नाही. (दर्शन दोनदाच झाले, दोन्ही वेळा डंख मलाच.)

सबब, आपणांविरुद्धची फिर्याद मी काढून घेत आहे. कब्जा मात्र सोडावा लागेल: आठही पोळी उद्या जाळण्यात येतील व मागील बाजूची फट बुजवण्यासाठी सुतार दहा वाजता येणार आहे. हे पत्र त्याच फटीत खोवून ठेवीत आहे. तत्पूर्वी वाचून घ्यावे.

कळावे,
आपला,
माजी यजमान